सतरावी नोंद

श्रीरंगला दोनच शब्द सांगायचे होते. बॅटरी बदल. नवी बॅटरी त्याच्याच पाठीवरच्या सॅकमध्ये होती, बदलायला अर्धं मिनिट लागतं, आणि माझ्या हातात दोन तास दहा मिनिटं होती. म्हटलं तर भरपूर वेळ. म्हटलं तर डोंबल! माणसं आपापले फोन पत्र्याच्या डब्यात बंद करून डोंगरावर जाऊन बसली, तर सांगायचं कुणाला, दगडांना?

पण आधी नीट सांगते. नाहीतर माझं नेहमीचं व्हायचं, मधूनच सुरुवात.

श्रीरंग माझा नवरा. शाळेत चित्रकला शिकवायचा, गेल्या वर्षी निवृत्त झाला. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे २०३६ साली, त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जवळजवळ बसलाच. डॉक्टरांनी छातीत पंप बसवला, लिंबाएवढा. रक्त ढकलायचं काम तो करतो, हृदय नुसतं सोबतीला. पंपाची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीत जाते. त्या डबीत एक बॅटरी आणि दोन संगणक. हे दोन संगणक एकमेकांशी कसे बोलतील ते ठरवणारी बाई म्हणजे मी. वैजयंती केळुसकर, रत्नागिरीतल्या एका वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत मुख्य अभियंता. नवऱ्याचा जीव माझ्या हातच्या कामावर चालतो, ह्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

दोघांतला मोठा जो आहे, त्यात ऑपरेटिंग सिस्टीम. पडदा त्याचा, छापील कागदासारखा, वीज संपली तरी शेवटचा आकडा तसाच ठेवणारा, आकडे दाखवणं त्याचं, डॉक्टरांकडे माहिती पाठवणं त्याचं, माणूस चढण चढतोय की झोपलाय हे ओळखून पंपाचा वेग ठरवणंही त्याचंच. लहान जो आहे तो बॅटरी आणि मोटर सांभाळणारा नियंत्रक, नखाएवढी चिप. अक्कल बेताची, पण झोपत कधी नाही. लॅबमध्ये आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचो. पूर्वी थोरला धाकट्याला सेकंदाला दहा वेळा विचारायचा. बॅटरी किती? मोटर तापली का? रक्त किती गेलं? आता किती? आता? प्रत्येक प्रश्नाला दोघांना जागं राहावं लागतं, आणि जागं राहायला वीज लागते. पंप इतके सुधारले होते की मोटरीपेक्षा ह्या दोघांच्या गप्पाच जास्त वीज खायच्या. एक बॅटरी जेमतेम नऊ तास पुरायची.

त्यातून सुटायची युक्ती मला श्रीरंगनेच दिली. ऑपरेशननंतर मी त्याला तासातासाला फोन करायची. बरा आहेस ना? धाप नाही ना लागत? एके दिवशी भर वर्गात माझा सहावा फोन गेला आणि तो भडकला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, “वैजू, तुझ्या फोननेच एक दिवस माझं हृदय बंद पडेल. काही झालं तर मी सांगेन. नाही सांगितलं, तर सगळं ठीक आहे असं समज. कबूल?”

मी फुगले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन तेच यंत्राला शिकवायला घेतलं.

थोरल्याने विचारायचंच नाही, झोपायचं. धाकट्याकडे काही नवं घडलं तर त्याने ते एका छोट्या वहीत लिहायचं. म्हणजे वही नव्हे हो, मेमरीतली जागा, पण वहीच समजा. वहीला सोळा ओळी. ओळ लिहिली की घंटी वाजवायची. थोरला उठतो, आतापर्यंतची सगळी वही वाचतो, कोरी करतो, पुन्हा झोपतो. रात्री मात्र चार्जर लागला, चार्जर निघाला असल्या फुटकळ बातम्यांसाठी त्याने उठायचं नाही. घंटी गप्प करायची आणि सकाळी पुढची घंटी वाजली की रात्रीचं सगळं एकदम वाचायचं. झालं! बॅटरी नऊवरून चौदा तासांवर गेली. चौदाचा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापला. त्याच झपाट्यात धाकट्याचा स्वतःचा भोंगाही मी काढून टाकला. मेला कुठेही केकाटायचा, लग्नात, स्मशानात, बँकेच्या रांगेत. तो गेला तेव्हा श्रीरंगने पेढे वाटले होते.

आमच्या चाचणी विभागाची प्रमुख समीना मुकादम. माझ्याच वयाची, वीस वर्षांची मैत्रीण. तिने तेव्हाच्या बैठकीत विचारलं होतं, “सोळा ओळी भरल्या तर?”

“एका रात्रीत सोळा? त्यासाठी आठ वेळा वीज जायला आणि आठ वेळा यायला हवी. असं कुठे होतं?”

“माझ्या घरी होतं,” समीना म्हणाली. ती खाडीकाठच्या गावातून ये-जा करते.

सगळे हसले. मीही हसले. आमच्या लॅबमध्ये दिवा कधी लुकलुकतसुद्धा नाही, आणि माझ्या फ्लॅटमध्ये वीज गेलेली मला कळतही नाही, खालच्या बॅटऱ्या लगेच सुरू होतात. समीना म्हणाली, निदान तासाला एकदा तरी थोरल्याला विचारू दे. मी हिशोब करून दाखवला की त्याने बॅटरी बारा मिनिटं आधी संपेल. मग खोक्यावर चौदा कसं लिहिणार? समीनाने खांदे उडवले. मला नाकाने कांदे सोलायची सवय आहे हे तिला ठाऊक होतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

सावंतवाडीचे बांदेकर नावाचे गृहस्थ चार दिवसांपूर्वी आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. बॅटरी पार संपलेली, आणि पडद्यावर मात्र एकाहत्तर टक्के. ते कसं झालं हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. सकाळपासून मी त्यांच्या यंत्राची माहिती उलगडत बसले होते आणि अकराला दहा कमी असताना मला ते दिसलं. शेवटच्या रात्री थोरल्याने धाकट्याची घंटी सोळा वेळा गप्प केली होती. त्यानंतर घंटी वाजलीच नव्हती.

मी ते कागदावर मांडून बघितलं. वही भरली. सतरावी बातमी आली, पण लिहायला ओळ नाही. ओळ लिहिली तरच घंटी, हा माझाच नियम. घंटी नाही म्हणून थोरला वही वाचत नाही. वाचत नाही म्हणून वही रिकामी होत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, आणि पडद्यावर जुना आकडा तसाच राहतो. बॅटरी उतरते आहे, संपत आली आहे, संपली, हे धाकट्याला सगळं कळत असतं. पण सांगायची सोय मीच ठेवलेली नाही.

समीना शेजारी येऊन उभी राहिली होती. मला तिला काही सांगावं लागलं नाही. “आणखी कुणाचं असं झालंय ते शोध,” ती म्हणाली, “बाकीचं नंतर.”

आमची सहा हजार यंत्रं लोकांच्या कमरेला आहेत, त्या सगळ्यांत शोधलं. तीन यंत्रं निघाली. एक जालन्याला, एक अलिबागला. दोघांना लगेच फोन लागले, दोघांनी आम्ही फोनवर असतानाच बॅटऱ्या बदलल्या. बॅटरी काढून घातली की धाकटा नव्याने सुरू होतो आणि साचलेली वही थोरल्याला वाचायला देऊन मोकळी करतो, एवढाच उपाय. तिसऱ्या यंत्राचा क्रमांक मी वाचला. तो क्रमांक मला माझ्या फोन नंबरसारखा पाठ आहे.

श्रीरंग दोन दिवसांपूर्वी राजापूरच्या पलीकडे नागझरीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, गेला होता. तिथे कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत, माणसं, मासे, हत्ती. तीन जणांचा चमू ती मोजून कागदावर उतरवतो, आणि चित्र काढायला श्रीरंग. जांभ्याच्या आतलं बघणारं त्यांचं यंत्र फोनच्या लहरींनी बिघडतं, म्हणून कामाला जाताना सगळ्यांचे फोन डब्यात, आणि श्रीरंगच्या पट्ट्यावरचा थोरलासुद्धा बाहेरच्या जगाशी मौन धरतो. आमच्या हाती होती ती त्याने सकाळी निघण्याआधी धाडलेली माहिती. दोन दिवस मी त्याला फोन केला नव्हता. कबूल केलं होतं ना!

त्याचा फोन वाजत राहिला. मग त्यांचा मुक्काम जिच्याकडे असतो त्या सुगंधाकाकीला लावला. सत्तरीची बाई, तिने उचलला.

“ते वर गेलेत गो, सकाळी साडेसहालाच. फोन हितं डब्यात वाजतायत सगळ्यांचे, मी मघापासनं ऐकतंय.”

“काकी, रात्री लाईट होती?”

“कसली लाईट! संध्याकाळपासनं जा-ये, जा-ये. अकराला जी गेली ती सकाळी सातला आली.”

अकराला गेली. म्हणजे चार्जर नुसता लटकत होता आणि श्रीरंग रात्रभर बॅटरीवर झोपला. सकाळी पडद्यावर शंभर बघून निघाला. अकरा अधिक चौदा. दुपारी एक वाजता संपणार.

“वर जाऊ शकेल असं कुणी आहे का घरात? शेजारी?”

“सगळी राजापुरात गेलीत लग्नाला. काय झालं?”

“श्रीरंगना निरोप द्यायचाय. बॅटरी बदला म्हणावं. लगेच.”

“मीच जातंय,” काकी म्हणाली. “हळूहळू जाईन, पण जाईन.”

मी फोन ठेवला. कमीत कमी शब्दांत काम करायची माझी जन्माची सवय. त्या घाईत मला स्वतःचं कौतुकही वाटलं, की बाईला गोंधळात न टाकता नेमकं तेवढंच सांगितलं.

समीनाने गाडी काढली होती. हायवेला लागल्यावर मी काकीला पुन्हा तीनदा फोन केला. ती तो घरीच ठेवून गेली होती.

“बॅटरी दोन वर्षं जुनी आहे ना त्याची?” समीनाने विचारलं.

“दोन वर्षं तीन महिने.”

“मग चौदा नाही भरायची.”

“भरेल. जास्तच भरेल,” मी म्हणाले, कारण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं होतं. पंपाचा वेग थोरला ठरवतो, आणि तो धाकट्याच्या बातम्यांवर ठरवतो. बातम्याच नाहीत, म्हणजे थोरल्याच्या लेखी श्रीरंग अजून झोपलेला आहे. पंप रात्रीच्या मंद वेगावर आहे. वीज कमी जाते, बॅटरी दीडपर्यंतसुद्धा जाईल! मी हे आनंदाने बोलून गेले, आणि मग पुढचं लक्षात आलं. झोपेच्या वेगावर हा माणूस भर उन्हात सडा चढला होता. त्याला सकाळपासून धाप लागत असणार, डोळ्यांपुढे अंधारी येत असणार. आणि प्रत्येक वेळी त्याने पडद्याकडे बघितलं असणार, आणि पडदा म्हणत असणार, सगळं ठीक.

“समीना, पळव ना गं गाडी!”

“पळवतेच आहे. तू रडू नको, मला समोरचं दिसू दे.” तिचेच डोळे भरले होते.

काकीच्या घरी पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दाराला कडी. आत पत्र्याच्या डब्यात कुणाचा तरी फोन वाजत होता. आम्ही तशाच पायवाटेला लागलो. त्रेपन्न वर्षांच्या दोन बायका, ऑफिसच्या चपला घालून, करवंदीच्या जाळ्यांतून वर. अर्ध्या चढणीवर काकी खाली येताना दिसली. पदराने मान पुसत होती आणि चेहरा अगदी निवांत.

“सांगितलं गो मी त्यांना!” तिने लांबूनच हात केला. “वाटेतच भेटले. दमलेत म्हणून एकटेच परत येत होते, दगडावर बसलेले. म्हटलं, बायकोचा फोन आलेला, बॅटरी बदला म्हणाली.”

सुटलो, असं वाटलं. मी खाली बसणार होते. “बदलली ना?”

“नाय. हसले. म्हणाले, तिला काळजी करायची सवयच आहे काकी. मला दाखवलं पण. शंभर होते पुरे, हिरवे हिरवे. मग कशाला बदलतील?”

मी काय करून बसले होते ते मला तिथे, त्या पायवाटेवर कळलं. पडद्यावरचा आकडा खोटा आहे, हे चार शब्द मी बोलले नव्हते. बोलायला दोन सेकंदं लागली असती.

“किती वेळ झाला ह्याला?” समीनाने विचारलं.

“झाला असेल अर्धा तास. घड्याळ कुठं हाय माझ्याकडे?”

मी धावले. दगड सापडला, दगडावर श्रीरंग नव्हता. मी हाका मारत सुटले, नावाने, शिव्यांनी, जे तोंडात येईल त्याने. पुढे एक जांभ्याचा पडका गडगा, म्हणजे दगडी बांध होता आणि त्याच्या वीतभर सावलीत तो आडवा झालेला दिसला. टोपी तोंडावर, सॅक उशाला. झोपलाय असंच वाटावं. टोपी काढली तर ओठ जांभळे.

ह्या पंपवाल्या माणसांना नाडी लागत नाही. त्यांच्या छातीला कान लावला की आत बारीक गुणगुण ऐकू येते. पाच वर्षं मी ती गुणगुण ऐकत झोपते. मी कान लावला. गुणगुण नव्हती. खूप खाली, थांबून थांबून, त्याचं स्वतःचं हृदय कसंबसं एक ठोका देत होतं. श्वास होता, वरवरचा.

मी सॅकमधली बॅटरी ओढून काढली आणि समीनाने माझं मनगट धरलं.

“थांब. डॉक्टरांना विचार.”

ती का थांबवते आहे हे मलाही माहीत होतं. पंप थांबला की आतलं रक्त साचतं आणि साचलं की गोठायला लागतं. उशीर करून पंप सुरू केला, तर ती गुठळी सुटून थेट मेंदूत जाऊ शकते. समीनाच्या फोनवर श्रीरंगचे डॉक्टर महाजनी आले. तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि अँब्युलन्स मागितली.

“बंद पडून किती वेळ झाला?” डॉक्टर म्हणाले. “दहा मिनिटं झाली असतील तर एक क्षण घालवू नका, सुरू करा. अर्धा तास झाला असेल तर हात लावू नका, इकडे आणा, आम्ही आधी औषध देऊ. किती झाला?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“पडद्यावर वेळ असते ना?”

मी पडदा बघितला. शंभर टक्के. पंप सुरळीत. वापरणारा झोपेत. मी तो पडदा मुठीने ठोकला, दोनदा, तिसऱ्यांदा. अहो, जगात त्या क्षणी मला एकच आकडा हवा होता, फक्त एक, आणि तो कळू नये अशी व्यवस्था मी स्वतः तीन वर्षं खपून केली होती. बक्षीस घेतलं होतं त्याचं! बॅटरीला हात लावून बघितला, गरम आहे की गार. उन्हाने सगळंच गरम होतं. समीनाला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, “मी कसं सांगू, बाई? तुझा नवरा आहे.”

“मॅडम, अँब्युलन्सला तुमच्याकडे पोचायला पन्नास मिनिटं आहेत,” डॉक्टर म्हणाले. “वेळ माहीत नसेल तर मी काही सांगू शकत नाही. तुम्ही तिथे आहात. तुम्हालाच ठरवावं लागेल.”

मी पुन्हा छातीला कान लावला. ठोका आला. पुढचा येता येईना. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन, चार, आणि तो आला तेव्हा आधीच्यापेक्षा लांबून आल्यासारखा होता. पन्नास मिनिटं हे चालणार नव्हतं, एवढं मला कळलं. बाकी काहीही कळलं नाही. श्रीरंगच्या कानाशी म्हटलं, “माफ कर रे.” आणि जुनी बॅटरी काढून नवी घातली.

पाच सेकंदं. मग गुणगुण. इतकी स्वच्छ, इतकी ओळखीची, की मी मोठ्याने हंबरडा फोडला. पडद्यावर नव्याण्णव टक्के आले आणि त्याखाली धाकट्याने वहीतलं साचलेलं सगळं भडाभडा सांगून टाकलं. चार्जर निघाला. चार्जर लागला. चार्जर निघाला. चार्जर लागला. काल रात्रीच्या सोळा ओळी. पंप कधी थांबला ते त्यांत कुठेच नव्हतं. मी तरीही ती यादी वरून खाली दोनदा वाचली.

श्रीरंगच्या ओठांचा रंग पालटला. दहाएक मिनिटांनी त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि हसला. अर्ध्याच तोंडाने हसला. समीनाने मान फिरवली.

तीन आठवडे झाले त्याला. त्याच रात्री मी सहा हजार यंत्रांना नवी सूचना धाडली, की थोरल्याने दर दहा सेकंदांनी विचारायचं. बॅटरी पुन्हा दहा तासांवर आली. तक्रारींचा पाऊस पडतोय, पडू दे. बांदेकरांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. कंपनीच्या वकिलाने जाऊ नका म्हणून निक्षून सांगितलं होतं. त्यांच्या मुलीने मला सगळं बोलू दिलं, पाणी दिलं, आणि आता जा म्हणाली.

श्रीरंगचा उजवा हात हलत नाही. उजवा पाय थोडा हलतो. बोलणं जड झालंय पण कळतं, नीट वेळ दिला तर. तावडे सर, म्हणजे त्या चमूचे प्रमुख, अर्धवट राहिलेलं हत्तीचं चित्र घेऊन आले होते. श्रीरंगने ते बघायला नकार दिला. तेव्हापासून मी वाट बघत होते, की हा मला कधी विचारणार. काल दुपारी व्यायाम घेणारी बाई गेल्यावर त्याने विचारलं.

“किती वेळ बंद होता पंप?”

“नाही माहीत.”

“तरी सुरू केलास?”

“हो.”

त्याने मान हलवली. राग दिसत नव्हता. मला तोच असह्य झाला, तो न दिसणारा राग. मी म्हटलं, “शिव्या दे ना मला! त्या नऊ तासांत काय वाईट होतं? मला चौदा कशाला हवे होते?”

“काकी भेटली होती,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे मला.”

“तुझा निरोप सांगितला तिने. बॅटरी बदल.”

“मग का नाही बदललीस रे?” माझा आवाज चढला. बाहेरून नर्स डोकावून गेली. “सकाळपासून धाप लागत होती ना तुला? सॅक पाठीवरच होती ना?”

तो शब्द जुळवत होता. मी मध्ये बोलले नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मध्ये बोलायचं नाही.

“काकी गेल्यावर सॅकमधून काढली होती मी नवी बॅटरी,” तो म्हणाला. “हातात घेतली होती. वाटलं, वैजू उगीच कशाला फोन करेल. तिने तर सोडलंय फोन करायचं.” तो थांबला, श्वास घेतला. “मग पुन्हा आकडा बघितला. शंभर. निरोप तुझा होता, आणि आकडाही तुझाच. मी आकड्याचं ऐकलं, वैजू. परत ठेवून दिली.”

मी त्याचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. तो खिडकीबाहेर बघत राहिला, तेव्हा कळलं की मी उजवा धरलाय. मी उठले, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले आणि डावा धरला.